काचेतला चुलता

काचेवर लिंबाजीचं तोंड उमटलं आणि तंबूतले लोक हसले. वैजीनाथही हसला.

दिल्लीत टेलिव्हिजन सुरू होऊन चारच महिने झाले होते. तिथं भरलेल्या शेतीच्या प्रदर्शनात एका तंबूत माणसाला यंत्रापुढं उभं करायचे, आणि शेजारच्या तंबूत त्याचं चालतं-बोलतं चित्र पेटीच्या काचेवर दिसायचं. परभणीकडच्या काही मेंढपाळांना सरकारनं प्रदर्शन दाखवायला आणलं होतं. त्यांत वालूरचा लिंबाजी होता. दखनी उर्दू त्याला येत होती, पण दिल्लीत ती चालेल का अशी धास्ती; म्हणून त्यानं पुतण्याला सोबत घेतलं. वैजीनाथचा बाप लहानपणीच गेलेला. लिंबाजीनंच मेंढरं राखून त्याला हैदराबादेत शिकवलं. आता तो परभणीच्या कचेरीत कारकून होता.

लिंबाजी यंत्रालाच हात जोडून उभा होता. खांद्यावर घोंगडी, पटका सुटत आलेला. मग आत कोण बसलंय ते बघायला तो वाकला, आणि सगळी काच त्याच्या नाकानं भरून गेली. लोक पोट धरून हसले.

काचेवर दुसरं कुणी आलं. हसू ओसरल्यावर शेजारच्या सूटवाल्यानं वैजीनाथला विचारलं, तो म्हातारा तुमच्यापैकी का?

वैजीनाथनं पॅन्टची घडी नीट केली. ओळखत नाही, म्हणाला.

परतीच्या गाडीत लिंबाजी बोलला तो फक्त प्रदर्शनातल्या विलायती मेंढ्यांबद्दल.

वालूरला अंगणात माणसं जमली. वैजीनाथनं यंत्राची सगळी हकिकत सांगितली. चुलती गोजरबाई उंबऱ्यात बसून ऐकत होती.

“हे कसे दिसले रे त्याच्यात?”

“लय चांगले दिसले, काकी.”

“तिथल्या लोकांनी इचारलं न्हाई का, कोन हाय म्हनून?”

“इचारलं.”

“मंग तू काय सांगितलंस?”

वैजीनाथनं बशीतला चहा तसाच खाली ठेवला. लिंबाजी घोंगडीला चिकटलेली कुसळं काढत होता. वर न बघता तो म्हणाला,

“माजा चुलता हाय म्हनला. मी तवर तंबूच्या दारात येऊन हुबा व्हतो. आइकलं की.”

गोजरबाई उठली. तिनं वैजीनाथच्या तोंडावरून हात फिरवले आणि स्वतःच्या कानशिलावर बोटं मोडली. वैजीनाथला मान वर करता आली नाही.