डाव्या कुशीवर

राजरत्न गेल्यावर त्याच्या चाकणच्या खोलीतलं सगळं सामान एका टेम्पोत मावलं. गादी, गॅसची शेगडी, कपड्यांची बॅग आणि लॅपटॉप. आबांनी ते गावी, डिंगोऱ्याच्या घरी आणून त्याच्याच खोलीत रचलं आणि दाराला बाहेरून कडी घातली. खेड घाटात त्याच्या मोटारसायकलला ट्रकने उडवलं, त्याला तेव्हा महिनाही झाला नव्हता.

कांद्याची रोपं टाकायच्या दिवसांत त्याच्या धाकट्या बहिणीला, प्रतीक्षाला, त्या लॅपटॉपची गरज पडली. ती नारायणगावला कॉम्प्युटरच्या शेवटच्या वर्षाला होती आणि प्रोजेक्ट पुरा करायचा होता. कॉलेजातल्या मशीनवर पाळी येईपर्यंत एसटी निघून जायची. तिने आबांना भीतभीत विचारलं. आबा, म्हणजे तिचे वडील सोपान, एसटीत कंडक्टर. दिवसभर गाडीत ओरडून घरी आले की गप्प असायचे. त्यांनी उठून स्वतः कडी काढली.

लॅपटॉप चालू झाला. फक्त सुरू होताना पडद्यावर एक सूचना यायची, की अडॅप्टर ओळखता येत नाही. एक बटण दाबलं की ती जायची आणि काम करता यायचं. पण बॅटरी चार्ज होत नव्हती. कोपऱ्यातल्या बॅटरीच्या चित्रावर बाण नेला की तेच शब्द: प्लग्ड इन, नॉट चार्जिंग. लोडशेडिंगचे दिवस होते. लाइट गेली की मशीन जागच्या जागी बंद पडायचं आणि सेव्ह न केलेलं काम जायचं.

प्रतीक्षाने सुचेल ते करून पाहिलं. भिंतीवरचा प्लगचा बोर्ड बदलला. शेजारच्या बायडाबाईंच्या घरी नेऊन लावून पाहिलं. बॅटरी काढून तिच्या पट्ट्या कोरड्या फडक्याने पुसल्या, चालू करायचं बटण बराच वेळ दाबून धरलं, बॅटरी परत बसवली. काही फरक पडला नाही. बॅटरीच गेली असेल असं तिने धरलं, आणि लाइट असेल तेवढ्या वेळात काम उरकायचं ठरवलं.

एका दुपारी टायपिंग करून पाठ भरून आली, तेव्हा ती राजरत्नच्या लोखंडी कॉटवर आडवी झाली. शनिवारी घरी आला की तो याच कॉटवर तासन् तास लॅपटॉप घेऊन पडलेला असायचा. डाव्या कुशीवर, कोपर उशीत रुतवून, गुडघे वर घेऊन त्यांना मशीन टेकवलेलं. प्रतीक्षाही नकळत तशीच पडली, आणि लॅपटॉपच्या कडेचा इवलासा हिरवा दिवा लागला.

ती उठून बसली. दिवा गेला.

परत आडवी झाली. दिवा लागला. बॅटरीचा आकडा हळूहळू चढायला लागला.

तिच्या अंगावर काटा आला. तरी ती कॉम्प्युटर शिकलेली मुलगी होती, तिने नीट पाहिलं. चार्जरची वायर तिच्या डाव्या कोपराखालून जात होती आणि पिनेच्या मुळाशी करकचून वाकत होती. वायरीच्या पोटात एक बारीक तार असते, हा चार्जर आपलाच आहे हे मशीनला ती सांगते. ती तुटलेली असणार. अशी वाकली की तिची टोकं एकमेकांना टेकत होती. वर्षानुवर्षं दादा असाच पडायचा. त्याच्याच कोपराने ती तोडली होती.

कारण कळलं म्हणजे भीती जायला हवी होती. पण तिने वायर हाताने वाकवून पाहिली, दोरीने बांधून पाहिली, वर वीट ठेवून पाहिली, दिवा लागला नाही. तो लागायचा फक्त ती दादासारखी पडली की. तो उंच होता, म्हणून तिला खाली सरकून पावलं कॉटच्या दांडीला टेकवावी लागायची, मान मुरडून घ्यावी लागायची. जरा इकडेतिकडे झालं की दिवा विझायचा, आणि कुणीतरी नीट पड म्हणावं तशी ती पुन्हा अंग जुळवून घ्यायची.

नवीन चार्जर आणायचं ती रोज म्हणायची आणि रोज कॉटवर पडायची. डावा खांदा दुखायला लागला. दादाचाही दुखायचा, तो आईकडून तेल लावून घ्यायचा. काही अडलं की दादासारखी टाळूला जीभ लावून चुक् करायची सवय तिला कधी नव्हती. ती आता लागली होती. एकदा स्वतःचाच तो आवाज ऐकून तिने दाराकडे पाहिलं, तर तिथे आई उभी होती.

फुलाबाई कधीपासून उभी होती कोण जाणे. ती गेली आणि चहा घेऊन आली. चहा बिनसाखरेचा होता. घरात तसा चहा फक्त राजरत्न प्यायचा. प्रतीक्षाने तो प्यायला.

मग रोजच फुलाबाई दुपारी दाराशी येऊन बसायला लागली. निवडायला काहीतरी घेऊन यायची, पण हात चालायचे नाहीत. प्रतीक्षा खुर्चीवर बसली की ती विचारायची, "पडत न्हाईस का आज? पड की जरा." आणि पोरगी पडली, दिवा लागला, की फुलाबाईचा चेहरा सैल व्हायचा. आबा ड्यूटीवरून लवकर आले तर दोघींकडे एकदा पाहून परत अंगणात जायचे.

अशाच एका दुपारी प्रतीक्षा प्रोग्रामातली एक चूक शोधत होती. कितीतरी वेळ नजर पडद्यावरून हलली नव्हती. आई दाराशी आहे हेही ती विसरली होती.

"जेवलास का?" फुलाबाईने हळूच विचारलं.

"जेवलो," प्रतीक्षा म्हणाली.

आधी तिला कळलंच नाही. मग बोटं थांबली. आई तिला कधी 'जेवलास' म्हणत नसे आणि ती स्वतः जन्मात कधी 'जेवलो' म्हणाली नव्हती. तिने मान वळवली. फुलाबाईच्या हातातलं सूप कलंडलं होतं आणि तांदूळ उंबऱ्यावर सांडत होते. ती पोरीकडे बघत नव्हती, तिच्या मागच्या भिंतीकडे बघत होती. मग सूप तिथंच टाकून ती उठून गेली.

प्रतीक्षा कॉटवरून उतरली तेव्हा डावा हात बधिर होता. चुलीपुढे आई बसली होती. चूल विझलेली.

"आई, चुकून बोलले मी. ध्यान नव्हतं."

"आवाज तुझाच व्हता," फुलाबाई म्हणाली. "बोलणारी तू नव्हतीस."

"मीच होते, आई."

"मला ठावं हाय वायरीचं. आबाला सांगत व्हतीस तवा ऐकलंय मी. आडानी असले तरी तेवढं कळतं." तिने चुलीतली राख काडीने सारली. "आज इचारलं, त्यानं सांगितलं. उद्या मी परत इचारीन. परवा बी इचारीन. मला न्हाई ऱ्हावायचं. मग माझी पोरगी मी कुठं हुडकू?"

प्रतीक्षा तिच्याजवळ बसली. फुलाबाईने तिचा डावा खांदा चाचपला, तो वर चढला होता. तेलाची वाटी न आणताच ती तो खांदा दाबत राहिली, खाली, सरळ, जागेवर बसवावा तसा.

दुसऱ्या दिवशी आबांनी रजा टाकली आणि लेकीला घेऊन नारायणगावला गेले. दुरुस्तीच्या दुकानातल्या चांगदेवने वायर पाहून तेच सांगितलं जे तिला माहीत होतं, आणि त्याच पिनेचा चार्जर काढून दिला. तिने दुकानातच टेबलावर लावून पाहिला. हिरवा दिवा लागला आणि कुणी न धरता लागलेला राहिला. तिला एकदम रडू फुटलं. आबांनी तिचं दप्तर हातात घेतलं आणि जुना चार्जर तिथल्याच भंगाराच्या खोक्यात टाकला. टाकल्यावर ते घटकाभर त्या खोक्यापाशी उभे राहिले.

संध्याकाळी लॅपटॉप ओसरीवर होता, बॅटरी भरलेली. आबा म्हणाले, "त्याचे फोटो असतील का गं त्यात?"

असणार हे तिला ठाऊक होतं. आजवर तिने तो फोल्डर उघडला नव्हता. आता उघडला. चाकणची खोली, कंपनीतली पोरं, कुणाच्या तरी लग्नात फेटा बांधलेला राजरत्न. एका फोटोत तो मोठ्या पातेल्यात वरण ढवळत होता. फुलाबाई म्हणाली, "पाणी लई झालंय त्यात," आणि आबा हसले. किती महिन्यांनी हसले. मग तेच बोलायला लागले, राजू लहानपणी एसटीत त्यांच्या मागे उभा राहून तिकिटं कशी मागायचा ते सांगायला लागले.

मध्येच लाइट गेली. सगळी आळी अंधारली. लॅपटॉप चालूच राहिला. त्याच्या उजेडात तिघं दाटीने बसली आणि फोटो एकामागून एक पुढे जात राहिले. कोपऱ्यातला बॅटरीचा आकडा उतरताना प्रतीक्षाला दिसत होता. तिने पुढचा फोटो आणला.

फोटो संपत आले तेव्हा आईनेच तिच्या हातावर हात ठेवला.

"आता बंद कर," ती म्हणाली. "निजू दे त्याला."