आत्याची हाक

घरात आत्याला सगळे ‘मौनीबाबा’ म्हणत, आणि तिला त्याचं काही वाटत नसे. पाण्याखाली जाऊन बोटींचे तळ खरवडणं हा तिचा धंदा. तोंडात श्वासाची नळी, तिथे बोलणार कोण? सगळा कारभार हातांच्या खुणांवर. वर आल्यावरही तिला शब्द महागच वाटत.

भाचीला तिच्यासोबत पहिली बुडी मारायची होती. पोरगी महिनाभर नुसती नाचत होती. पण दादा, म्हणजे भाचीचा बाप, अडून बसला. "माझ्या पोरीला काही झालं, तर ही बया वर येऊन कोणाला हाक मारणार? घराला आग लागली तरी ही फक्त हात हलवेल!" शेवटी ठरलं, आत्याने प्रथमोपचाराची परीक्षा पास व्हायची, तरच परवानगी. आणि परीक्षेच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी बोट निघणार होती.

पहिल्या फेरीत आत्याने रबरी बाहुला पोहण्याच्या तलावातून असा झपकन काठावर ओढला की शिकवणाऱ्या बाईही ‘वा!’ म्हणाल्या. श्वास तपासला, नाही. आता मदत मागवायची. सवयीने तिने हात उंच करून जोरजोरात हलवला. निळी टोपी घातलेली भाची ऑक्सिजनची पेटी घेऊन समोरच उभी होती. तिला खूण कळली, पाय शिवशिवले; पण हाक ऐकल्याशिवाय जागचं हलायचं नाही, असं बाईंनी बजावलं होतं. बाकीचे तर मख्ख.

"नापास," बाई म्हणाल्या. "काठावरच्या लोकांना तुमच्या खुणा कळत नाहीत हो. आणखी एकदाच संधी देते."

भाचीचे डोळे भरून आले. ते पाहून आत्या लगेच पुन्हा पाण्यात उतरली.

दुसरी फेरी. बाहुला काठावर, श्वास नाही. आत्याने तोंड उघडलं, तर आवाज मांजराच्या पिल्लाएवढा. तिला स्वतःचाच असा राग आला म्हणता! ती गरजलीच.

"अगं ए, निळ्या टोपीवाली! ऑक्सिजन आण! आणि टॉवेलवाले काका, तुम्ही अँब्युलन्सला फोन करा! बघताय काय? पळा!"

काकांनी खरोखरच फोन लावायला घेतला. बाईंना त्यांचा हात धरावा लागला. भाची धावत, घसरत पोचली. तोवर आत्याने बाहुल्याला श्वास दिले होते आणि छातीवर तळहात रोवून, खणखणीत आवाजात मोजत, ती दाबायला लागली होती. ती थांबेचना. इतकी मजा तिला पाण्याबाहेर कधी आलीच नव्हती.

तेवढ्यात बाहेर गाडीत बसलेला दादा एकाच पायात चप्पल घालून आत घुसला. "कोण बुडालं? कोण ओरडलं?"

त्याने धडधाकट पोरीकडे पाहिलं, बाहुल्याकडे पाहिलं, मग बहिणीकडे. आणि ओल्या फरशीवरच मटकन बसला.

"तू?"

"पास!" बाई म्हणाल्या, आणि भाचीने आनंदाने किंकाळी फोडली.

दादा डोळे पुसत बराच वेळ हसत राहिला. मग म्हणाला, "उद्या किती वाजता आणून सोडू हिला?"

आत्याने तोंड उघडलं, पण घसा पार बसला होता. तिने पाच बोटं दाखवली.

"पाचला," दादा म्हणाला. "गजर लावतो."