अकरा ओळींची सुट्टी

मी कोडच्या अकरा ओळींचा जुगाड बोलतोय. फाइली जपून ठेवणाऱ्या एका सॉफ्टवेअरमध्ये नऊ वर्षं माझं बिऱ्हाड होतं.

तेव्हा एका कंपनीचे संगणक चक्क थापा मारत. फाइल डिस्कवर पोहोचायच्या आतच "ठेवली" म्हणून मोकळे होत. नेमकी तेव्हा वीज गेली की फाइल गायब. अशाच एका फजितीनंतर ते सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्या मॅडमनी मला घाईघाईत लिहिलं. काम एकच: फक्त त्या संगणकांवर, प्रत्येक फाइलमागे अर्धा सेकंद थांबायचं आणि ती खरंच पोहोचली का ते बघायचं. माझ्या डोक्यावर त्यांनी शेरा मारला, 'तात्पुरतं. महिन्याभरात काढणे.'

तो महिना काही उजाडला नाही. कंपनीने दोन वर्षांत आपला दोष दुरुस्त केला, तसं पत्रकही काढलं. आमच्याकडे ते कुणी वाचलंच नाही. उलट माझ्याजवळ आणखी एक शेरा आला, 'हात लावू नका.' खरं सांगतो, त्या दिवसापासून मी भलत्याच तोऱ्यात वावरत होतो.

मग एका ग्रंथालयातून तक्रार आली. तिथल्या काकू त्याच कंपनीच्या संगणकावर जुनी पानं स्कॅन करतात, दिवसाला चार हजार, दर पानाची एक फाइल. माझ्यापायी त्यांना रोज अर्धा तास जास्त बसावं लागे आणि पाळणाघरात त्यांची नात सगळ्यांत शेवटी उरे. हे ऐकून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

नुकत्याच रुजू झालेल्या इंजिनियर बाईंनी ते जुनं पत्रक शोधून काढलं. मॅडम तरीही कचरत होत्या. फाइली हरवल्या तेव्हा खाल्लेली बोलणी त्या विसरल्या नव्हत्या. शेवटी त्याच कंपनीच्या संगणकावर त्यांनी माझ्याशिवायचं सॉफ्टवेअर चढवलं. फाइल ठेवली की लगेच भिंतीतला प्लग उपटायचा, असं दोघींनी आळीपाळीने दोनशे वेळा केलं. एकही फाइल हरवली नाही.

मॅडमनी मला एकदा वरपासून खालपर्यंत वाचलं आणि काढून टाकलं.

आता मी कोडच्या इतिहासात, काढून टाकलेल्या ओळींच्या नोंदीत, निवांत पडून असतो. तुम्ही कुठे 'तात्पुरतं' असं लिहिलं असेल, तर अधूनमधून तिकडे फिरकत जा, एवढंच मागणं.

परवा काकूंचा फोन आला. आवाजात धास्ती होती. "अहो, आज काम पाचलाच संपलं. काही बिघडलंय का?"

"नाही, काकू," मॅडम म्हणाल्या. "बिघडलं होतं, ते नीट झालं. तुम्ही जा, नातीला घेऊन या."