काचेच्या छपरावर डहाळे

ऊन विकत घेणारा माणूस मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला आणि तो माझा सख्खा भाचा निघाला. दिग्विजय. माझ्या धाकट्या भावाचा, दादासाहेबाचा, एकुलता एक मुलगा. पाडव्याच्या दिवशी त्यानं जी लाल गाडी दारात आणून उभी केली, तिच्यात दोनच माणसं मावतात, आणि तीही बसत नाहीत, जवळजवळ निजतात. भाताची पोती बैलगाडीतून घरी यायची तेव्हा आम्ही पोरी पोत्यांवर अशाच पडून यायचो. फक्त पोत्यांवर चढणं सोपं होतं.

गाडीची सगळी मिजास छपरात. डोक्यावरचा तुकडा काचेसारखा आरपार, आणि खिट्या फिरवल्या की तो अख्खा उचलून मागच्या डिकीत ठेवता येतो.

"आत्या, बस की. वर बघ, आभाळ दिसतं."

"आभाळ मला अंगणातनं दिसतंय की रे."

"अगं, पण गाडीत बसून?"

बसले. मारुतीच्या देवळापासून हिंजवडीच्या रस्त्याला लागून परत येईपर्यंत माझ्या टाळूवर पापड भाजून निघाला असता. पायांना एसीचा गारठा आणि डोक्यावर निखारा, असा प्रवास मी कधी केला नव्हता. "छप्पर काढू का?" दिग्विजयनं विचारलं. काढल्यावर तर ऊन थेट मांडीवर येऊन बसलं. लावलं तरी ऊन, काढलं तरी ऊन. उतरले आणि घरापर्यंत चालत आले.

तसं आमच्या माण गावाला हे नवीन नाही. जिथं आमची भाताची खाचरं होती तिथं आता कंपन्यांच्या इमारती आहेत. बाहेरून सगळी काच आणि आतून सगळे पडदे. आमच्या खोल्यांत भाड्यानं राहणारी मुलं सांगतात, की आत दिवसाही दिवे लावून बसतात. आधी आरपार दिसेल असं काहीतरी आणायचं आणि मग ते झाकायला आणखी काहीतरी आणायचं, ही विद्या दिग्विजयनं त्या इमारतींकडे बघून घेतली असावी.

त्याच्या मनात वेगळंच होतं. वैशाखात त्याचं लग्न ठरलेलं. मुलगी सूसची, स्वरदा. हिंजवडीत नोकरीला, बोलायला चटपटीत. लग्न लागल्यावर नवरीला याच गाडीतून माणला आणायचं आणि काचेच्या छपरातून ती सगळ्या सूसला दिसली पाहिजे, हा दिग्विजयचा पण. सूसच्या लोकांच्या जमिनी आमच्या आधी गेल्या, त्यामुळे त्यांच्याकडे मोठ्या गाड्याही आमच्या आधी आल्या. हा जुना अनुशेष त्याला एका दिवसात भरून काढायचा होता.

चैत्रात तो स्वरदाला घेऊन धरणाकडे फोटो काढायला गेला. पिरंगुटला वाहनं तुंबली होती. तिथं गाडी उभी राहिली आणि वरून सूर्य चालू राहिला. संध्याकाळी स्वरदा आमच्याकडे आली ती भांगात उन्हाचा लाल पट्टा घेऊनच.

"आत्या, मला कुणीतरी मायक्रोवेव्हमध्ये ठेवल्यासारखं झालं," ती माठाजवळ जाऊन उभी राहिली. मग दिग्विजयकडे वळली. "आणि ऐक, लग्नाच्या दिवशी शालू नेसून मी यात बसणार नाही. तुझं छप्पर गार कर, नाहीतर मी बाबांच्या गाडीतून येते."

नवरी माहेरच्या गाडीतून येणार म्हटल्यावर दिग्विजयचा चेहरा बघण्यासारखा झाला.

मग उपचार सुरू झाले. पहिल्यांदा फिल्म लावणारा आला. म्हणाला, ही फिल्म ऊन बाहेरच्या बाहेर परतवते. छपराला गोलाई, फिल्म सपाट. दोन दिवसांत तिला देवीचे फोड यावेत तसे बुडबुडे आले. मग जाळी आली. ती रबरी वाट्यांनी आतून चिकटवायची. ती प्रत्येक गतिरोधकाला सुटून दिग्विजयच्या डोक्यावर पडायची आणि तो कोळ्याच्या जाळ्यात सापडलेल्या किड्यासारखा हात मारत गाडी चालवायचा. शेवटी एक चांदीच्या रंगाचा जाड पडदा आला, छपराच्या मापाचा, आतून ठोकून बसवायचा. त्यानं मात्र गाडी खरंच गार झाली.

"झालं की मग," मी म्हटलं.

"अगं आत्या, पण आता आभाळ दिसत नाही. आणि बाहेरून आतलं पण दिसत नाही."

"मग पत्र्याच्या छपराची गाडी काय वाईट होती?"

तो माझ्याकडे असा बघायला लागला, की जणू मी त्याला बैलगाडीच घे म्हटलं होतं.

आमच्या दारात शेंदऱ्या आहे. आंबा. पिकला की शेंदरासारखा होतो म्हणून ते नाव. माझ्या आजीच्या वयाचं झाड असेल. त्याच्या बुंध्याशी आमचे बैल बांधलेले मी पाहिलेत, खळं झाल्यावर दमलेली माणसं निजलेली पाहिलीत. भर वैशाखात त्याच्याखाली हवा गार असते. गाडी तिथं उभी केली असती तर निम्मा प्रश्न मिटला असता. पण शेंदऱ्या चीक गाळतो. त्यावर कावळे बसतात आणि कावळ्यांना गाडीची किंमत कळत नाही. म्हणून गाडी अंगणाच्या दुसऱ्या टोकाला, रणरणत्या उन्हात.

दादासाहेबानं यावर तोडगा काढला. एका सकाळी वखारवाला आला आणि शेंदऱ्याच्या बुंध्यावर गेरूनं फुली मारून गेला.

"दाद्या, हे काय?"

"शेड घालायची हाय आक्का, गाडीला. झाड मधी येतंय. गाडी सावलीत ऱ्हाईली, की निघताना गार असंल."

"सावली पाडून सावली बांधणार? आणि ती शेड काय गाडीबरोबर सूसला जाणार आहे?"

"तुला न्हाई कळायचं."

मला न कळण्याची या घरात जुनी वहिवाट आहे. जमिनी गेल्या तेव्हाही मला कळत नव्हतं म्हणून माझी हक्कसोडवर सही घेतली आणि पैठणी दिली. पैठणी चांगली होती, खोटं कशाला बोलू. पण त्या सहीमुळे अंगणातल्या झाडावर माझा शब्द चालत नव्हता. नवरा गेल्यावर मी माहेरी परतले तेव्हापासून माझी बाज त्या झाडाखाली आहे, एवढाच माझा कब्जा.

माझ्या हातात एकच गोष्ट होती. "बरं," मी म्हटलं, "मग मांडवडहाळे कुठून काढणार?"

दादासाहेबानं मान वर करून शेंदऱ्याकडे पाहिलं. लग्नाच्या आदल्या दिवशी वाजतगाजत झाडाच्या डहाळ्या आणायच्या, मारुतीला नेऊन मग दारातल्या मांडवावर घालायच्या, ही आमच्याकडची रीत. आणि आमच्या भावकीतल्या प्रत्येक लग्नाचे डहाळे शेंदऱ्याचेच. मांडव आता डेकोरेटरचा असतो, झुंबराचा. त्यावर डहाळी ठेवायला जागा शोधावी लागते. पण डहाळे चुकवायची छाती अजून कुणाची झालेली नाही.

"ठीक हाय," दादासाहेब म्हणाला. "डहाळे होऊ द्या. लगीन झालं, की दुसऱ्या दिवशी तोडायचं."

शेंदऱ्याला लग्नापुरती सवलत मिळाली. मी रोज ती गेरूची फुली बघत बाजेवर बसायची. आमच्याकडे शेळ्या घेऊन येणारी भागूबाई धनगरीण तिथं टेकायची. ती एकदा म्हणाली, "आक्का, मान्साला कुक्कू लावत्यात आन् झाडाला फुली. निवद दावायचा ऱ्हायलाय निस्ता."

लग्न आठवड्यावर आलं तरी छपराचं जमेना. मग दादासाहेबानं स्वतः लक्ष घातलं. त्याचं उरवड्याला फुलांचं पॉलीहाऊस आहे. उन्हाळ्यात त्याच्या प्लॅस्टिकवर चुन्याची फवारणी करतात, म्हणजे आत जरबेरा करपत नाही. चुन्यात डिंक घालतात, वळवानं धुऊन जाऊ नये म्हणून. दिग्विजय आणि स्वरदा कपडे घ्यायला दुसऱ्या गाडीनं पुण्याला गेले होते. दादासाहेबानं पॉलीहाऊसवरच्या सावळा नावाच्या गड्याला पंपासकट बोलावून घेतलं.

सावळा गाडीभोवती दोनदा फिरला. "मालक, हिच्यावं मारायचा?"

"मार. आरपार छप्पर त्ये, आन् आरपार छप्पर ह्ये. फरक काय?"

"आत फुलं न्हाईत."

"आत सून बसणार हाय माझी. मार."

चुना बसला. गाडी खरोखर गार पडली. दादासाहेब आत डोकं घालून म्हणाला, "आक्का, हात लावून बघ! एवढ्यासाठी पोरगं महिनाभर नाचतंय!"

संध्याकाळी दिग्विजय आला. ते छप्पर बघून तो आधी हसला, कारण त्याला वाटलं कबुतरं बसली असतील. मग त्याला कळलं. पाण्यानं चुना निघेना. त्यानं मोरीतली तारेची घासणी आणली आणि सगळा राग त्या छपरावर काढला. चुना निघाला. आणि तेव्हा समजलं, की ती काच नव्हतीच, काचेसारखं काहीतरी होतं. घासणीनं ते इतकं ओरबाडलं, की मोतीबिंदू झालेल्या डोळ्यासारखं दिसायला लागलं.

"पप्पा, हे काय केलंत तुम्ही!"

"मी गार केलं. खराब तू केलंस."

दोघंही खरं बोलत होते.

नवं छप्पर परदेशातून यायला पावसाळा उजाडणार होता. दिग्विजयनं ते मोतीबिंदूवालं काढून पडवीत ठेवलं आणि जाहीर केलं, की उघडीच गाडी नेणार. स्वरदानं फोनवर एवढंच विचारलं, "म्हणजे आता मायक्रोवेव्हचं दार पण उघडं?" आणि बाबांची गाडी पक्की केली.

डहाळ्यांचा दिवस उजाडला. तिथी मोठी होती, त्यामुळे गावातले ट्रॅक्टर कुणाच्या ना कुणाच्या लग्नात गुंतलेले. बैलगाडी तर आता हॉटेलांच्या दारात, रंग लावून उभी असते. भावकीतल्या पोरांनी शेंदऱ्यावर चढून डहाळ्या तोडल्या, ढीग लागला, वाजंत्री तापून उभे, आणि न्यायला वाहन नाही.

भागूबाई शेळ्या आवरत तिथंच होती. "तुमच्या गाडीला छप्पार न्हाई म्हनं," ती दिग्विजयला म्हणाली. "मंग घाला की तिच्याव मांडव. नवरदेवाचंच तर डहाळं हायेत."

पोरं खदाखदा हसली आणि हसता हसताच त्यांनी ते केलं. दिग्विजय "पेंट! पेंट!" करत राहिला. डहाळ्या उघड्या छपरातून आत खोचल्या, वरून आडव्या बांधल्या. लाल गाडीवर हिरवा मांडव उभा राहिला. खाली नवरदेव स्टिअरिंग धरून निजलेला, पानांतून फक्त फेट्याचा तुरा वर. मारुतीपर्यंत गेली गाडी, पायी चालणाऱ्यांच्या वेगानं, आणि परत आली. उतरला तेव्हा दिग्विजयच्या कपाळावर घाम नव्हता.

"आत्या," तो हळूच म्हणाला, "आत गार होतं गं."

कुणीतरी केलेलं चित्रण तोवर सूसला पोचलं होतं. स्वरदाचा फोन आला. तिचा आवाज मला बाजेवर ऐकू आला. "किती इको-फ्रेंडली दिसतंय ते! उद्या मला हीच गाडी हवी. ताजी पानं लाव हं."

दुसऱ्या दिवशी पुन्हा ताज्या डहाळ्या तोडल्या. नवरी त्या पानांखाली बसून माणला आली. वाटेत सूसच्या सगळ्या सोसायट्यांतून लोक गॅलरीत आले. स्वरदा त्यांना दिसली नाही, पण मांडव दिसला, आणि दिग्विजयचं त्यावर भागलं. मारुतीपाशी जोडपं पाया पडायला उतरलं. तेवढ्यात भागूबाईच्या शेळ्यांनी गाडी गाठली. जोडपं देवळातून बाहेर आलं तेव्हा छपराच्या जागी नुसत्या काटक्या उरल्या होत्या आणि एक शेळी पुढच्या पत्र्यावर उभी राहून शेवटचं पान ओढत होती.

"भागूमावशी, बोनेट!" दिग्विजय किंचाळला.

"बोनेट न्हाई खात ती," भागूबाई म्हणाली. "निस्ता पालाच खाती."

स्वरदा इतकी हसली, की तिच्या मुंडावळ्या नाकावर आल्या. ती सून मला तेव्हाच आवडली.

वखारवाला ठरल्याप्रमाणे आला. दादासाहेबानं त्याला अंगणातूनच परत पाठवलं. "ऱ्हाऊ द्या झाड. लई जन इचारत्यात." ते खरं होतं. उरवड्यापासून सूसपर्यंत प्रत्येक नवरदेवाला गाडीवर मांडव हवा झाला होता, आणि तो शेंदऱ्याचाच हवा होता, कारण चित्रणात तोच होता. दादासाहेब प्रत्येकाला ही युक्ती आपल्याला पॉलीहाऊसवरून कशी सुचली ते सांगायचा. दिग्विजय कोणती डहाळी तोडायची ते दाखवायचा. जाड पानांच्या, मधल्या.

वैशाख संपायच्या आत शेंदऱ्या वरून मोकळा झाला. बुंधा आहे, फुली आहे, कडेच्या फांद्या आहेत, मधे आरपार आभाळ. मी बाज सरकवत राहिले. आता सरकवायला जागा उरली नाही.

"आक्का, झाड वाचलं ना तुझं?" दादासाहेबानं जाता जाता विचारलं.

"वाचलं," मी म्हटलं.

दुपारी ऊन सरळ माझ्या टाळूवर आलं. दिग्विजय पडवीत गेला, गाडीतला तो चांदीच्या रंगाचा पडदा घेऊन आला आणि माझ्या बाजेच्या वर, दोन उघड्या फांद्यांच्या मधे, ठोकून बसवायला लागला.

"हलू नको आत्या," तो म्हणाला. "हा कंपनीचा आहे. निम्मं ऊन कमी करतो."