चार वर्षं उशिरा आलेला डबा

मामांनी आयुष्यात एकदाच चुकीची मालगाडी जोडली, आणि ती धावली. हे घडलेलंच नाही, असं मामांचं म्हणणं आहे. ते वडीलधारे आहेत, तेव्हा आपणही तसंच धरून चालू.

मामा मालगाडीचे गार्ड. जन्मभर शेवटच्या डब्यात एकटे बसून, जग मागे मागे जाताना बघत त्यांनी नोकरी केली. पुढे इंजिनात त्यांचा जिवलग दोस्त, ज्याला सगळे धूरदादा म्हणत. दोघांच्या मध्ये अख्खी गाडी. सगळी मैत्री शिट्टी आणि झेंडीवर निभावली. भांडण उकरून काढायचं तर पुढचं स्टेशन येईपर्यंत राग निवून जायचा.

निवृत्तीनंतर धूरदादांनी पितळेचं वीतभर लांबीचं इंजिन बनवलं. ते पोरसवदा असताना ज्यावर कोळसा मारायचे, त्याच वाफेच्या इंजिनाची हुबेहूब प्रतिकृती. आता ते इंजिनासकट मुलीकडे कायमचे राहायला निघाले होते. जायच्या आदल्या संध्याकाळी गाडी एकदा धावणार होती. डबे आणायचे मामांनी.

मामा भाचीला घेऊन छोट्या आगगाड्यांच्या दुकानात गेले. भाची दातांची डॉक्टर, बारीक वस्तूंची तिला सवय.

"हा तेलाचा टँकर घ्या की, मामा. चकचकीत आहे."

"इंजिन भंगारात गेलं तेव्हा हा आईच्या पोटातही नव्हता."

"डब्याला आई असते?"

"कारखाना म्हण. दातवाल्यांना सगळं फोड करून सांगावं लागतं. आजोबांच्या लग्नाच्या फोटोत नातू उभा केल्यासारखं दिसेल ते."

मामांनी लाकडी दारांचे डबे निवडले, कोळशाचे उघडे निवडले, गुरांचा एक घेतला. गुरं वेगळी विकत मिळतील, असं दुकानदार म्हणाला. मामा म्हणाले, "नको, परतीची गाडी आहे."

राहिला गार्डाचा डबा. दुकानात दोन होते. एक इंजिनाच्या काळातला, लाकडी. दुसरा पोलादी, मामांनी ज्यात नोकरी काढली तस्साच; मागच्या ओट्याचा कठडासुद्धा तोच, ज्यावर कोपर टेकून टेकून मामांच्या शर्टाची बाही फाटायची. पण तो इंजिन बंद झाल्यावर चार वर्षांनी आला. मामाही तेव्हाच भरती झाले. धूरदादांच्या सगळ्या झकास गोष्टी वाफेच्या दिवसांतल्या, आणि त्यातल्या एकाही गाडीच्या शेवटी मामा नव्हते.

मामांनी पोलादी डबा बराच वेळ हातात धरला. मग भाचीला पैसे लाकडी डब्याचे दे म्हणाले, आणि भाची पाकीट काढत असताना दुकानदाराशी काहीतरी कुजबुजले.

संध्याकाळी धूरदादांच्या टेबलावर गाडी उभी राहिली. धूरदादांनी वाकून एकेक डबा तपासला. शेवटच्यापाशी थांबले.

"ह्यात तू कुठे बसतोस?"

"मी नाही. मी तेव्हा भरतीच झालो नव्हतो."

"मग आत कोण आहे?"

"असेल कोणीतरी. बरा माणूस असेल."

"मी अनोळखी गार्ड घेऊन गाडी काढत नाही," धूरदादा म्हणाले आणि हाताची घडी घालून बसले.

"अरे, उद्या निघायचंय तुला."

"मग लवकर बस."

मामांनी खिशात हात घातला. पोलादी डबा निघाला. तो तिथे कसा आला, याबद्दल त्यांनी दुकानदारावर संशय घेतला. लाकडी डबा सुटला, पोलादी जोडला गेला. मामांनी हिरवा नॅपकिन हलवला. धूरदादांनी तोंडानेच शिट्टी दिली, कारण पितळेची शिट्टी अजून बसवायची राहिली होती. गाडी टेबलावरच्या रुळांवरून वळसा घेत निघाली. आयुष्यात पहिल्यांदाच दोघं एका बाजूला उभे राहून आपली गाडी बघत होते, खांद्याला खांदा लावून. भाचीने खिडकीबाहेर बघितलं.

दुसऱ्या दिवशी धूरदादा मुलीकडे गेले. मामांनी भाचीला कागद घ्यायला सांगितला आणि उभ्यानेच मजकूर सांगितला:

"मा. महाव्यवस्थापक यांस. सदर वाफेचं इंजिन सेवेतून काढल्याची तारीख पूर्वलक्षी प्रभावाने चार वर्षं पुढे ढकलण्यात यावी, व त्या मुदतीत त्यास एक गार्ड नेमून देण्यात यावा. अर्जदार कोणत्याही पाळीस तयार आहे."