अध्यक्षाचा झुरका

रंभानं दम्याचा पंप उजेडात धरला. तोंडात धरायच्या टोकावर तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याची तपकिरी लाळ वाळली होती, कडेला सुपारीचा कण. मागच्या छोट्या खिडकीतला आकडा शून्य. काल सकाळी तिथं सत्तेचाळीस झुरके होते.

तिनं तो नवऱ्यापुढे धरला.

“कोनं कोनं ओढला?”

नवरा, शालिकराम, जाळ्याची गाठ मारत होता. “लच्छूभाऊनं मांगतला, म्या पाळीवर नेला. खोकून राह्यला होता बिचारा. मंग डोमानं घेतला, मंग बाकीच्याइनं. धुवून घे न.”

“पंप हाये का खर्रा?”

त्यांच्या लेखी तो खर्राच होता. तळ्याच्या पाळीवर एक पन्नी उघडली की चिमूटचिमूट सगळ्यांच्या तोंडात जायची. नाही म्हटलं तर माणूस शिष्ट ठरायचा. पंपही तसाच फिरला.

याच लच्छूनं, मच्छीमार सोसायटीच्या अध्यक्षानं, तीन आठवड्यांपूर्वी तिला पाळीवरून हाकललं होतं. एकदा खोकली एवढंच. “दमेवाली पयली जाते कोरोनात, आमाले घेऊन जाशीन,” म्हणाला होता. तिच्या टोपलीतली मासळी त्या दिवशी कुणी घेतली नाही. अहेरीच्या डॉक्टरनं मात्र बजावलं होतं, “दमा ताब्यात आहे तोवर विशेष घाबरायचं नाही. पण पंप एक दिवस चुकवायचा नाही.” बारा वर्षं ती चुकली नव्हती.

मग डोमाच्या मोबाइलवर मेसेज आला, दमेकऱ्यांचा पंप कोरोनावर चालतो म्हणून. त्या दिवसापासून तिचा खोकला कुणाला खुपेना.

पंप संपला त्याच्या दोन दिवसांनी शालिकरामला ताप आला, त्यानं तो अंगावरच काढला. पाठोपाठ रंभाला आला. गावच्या आशा कार्यकर्तीनं, साधनानं, तपासणी करवली, दोघंही पॉझिटिव्ह. साधनानं पंपासाठी अहेरीतली मेडिकलं पालथी घातली. सगळीकडे एकच उत्तर: लोकांनी घरात भरून ठेवले.

चौथ्या दिवशी रंभाची छाती भात्यासारखी वाजायला लागली. बोटाला लावलेल्या यंत्रावर ऑक्सिजन शहाऐंशी आला. साधनानं गाडी बोलावली.

नऊ दिवस नाकाला नळी. डॉक्टर रागावले, “पंप का सोडला?” गावानं चोखून संपवला, हे सांगायची तिला लाज वाटली. चूक तिची नव्हती, तरी लाज तिलाच वाटली. ती म्हणाली, “इसरली जी.”

सुटी देताना डॉक्टरनं नवा पंप दिला. घरी आल्यावर तिनं तो सुकटीच्या डब्यात, वासाच्या तळाशी पुरला.

दुसऱ्याच दिवशी लच्छू ओट्यावर. ठणठणीत. गालात खर्रा.

“रंभाबाई, तुमच्या पंपानंच वाचलो मी. साऱ्याइले सांगतो. नवा भेटला म्हन्ते?”

“काऊन?”

“पुन्हा घसा धरून राह्यला. दोन झुरके द्या न. आपलंच हाये का नाई?”

शालिकराम खाली बघत म्हणाला, “देऊन टाक. अध्यक्ष हाये.”

रंभा आत गेली. फळीवर जुना पंप होता, न धुतलेला, सुपारीच्या कणासकट. तो तिनं पदरात धरून आणला.

“घ्या अध्यक्ष. तुमचाच हाये.”

लच्छूनं जिभेनं खर्रा एका गालात सारला, पंप तोंडात खुपसला आणि डोळे मिटून रिकामा झुरका ओढला.

“आहा,” तो म्हणाला, “आराम पडला.”

मग त्यानं टोक पँटीला पुसलं आणि पंप शालिकरामपुढे धरला.

शालिकरामनं हात पुढं केला. रंभा मोरीत जाऊन ओकली.