नाव उघाडी, काम मिटण्याचे

मित्रांनो, मी एक जुनी उघाडी आहे. खाडीपासून दूर राहणाऱ्या मुलांना हा शब्द ठाऊक नसेल, आणि त्यात तुमचा काही दोष नाही. अलिबागच्या बाजूला खाडीकाठी भातशेती करायची तर समुद्राचे पाणी अडवायला मातीचा लांबलचक बांध घालावा लागतो. पण नुसते अडवून भागत नाही, शेतात साचलेले पावसाचे पाणी बाहेरही जायला हवे. म्हणून बांधाच्या पोटात एक मोरी ठेवतात आणि तिच्या खाडीकडच्या तोंडावर वरून एक लाकडी दार टांगतात. ते दार म्हणजे मी. भरती आली की खाडीचे पाणी मला दाबते आणि मी घट्ट मिटते. ओहोटी लागली की आतले गोडे पाणी मला ढकलते आणि मी उघडते. खरे मोठे काम मिटण्याचे, पण नाव ठेवले उघाडी! नावे ठेवणाऱ्यांना कोण विचारणार?

माझा जन्म देश स्वतंत्र झाला त्या वर्षीचा. त्या पावसाळ्यात गावातली एक जुनी जांभळी वाऱ्याने आडवी झाली. जांभळीचे लाकूड पाण्यात लवकर कुजत नाही, म्हणून भिकू सुताराने चूल पेटवायला टपलेल्या साऱ्या बायकांना हाकलून दिले आणि माझ्या फळ्या काढल्या. भिकू मोठा कुरकुऱ्या माणूस. "गावात झेंडे लावतायत, आन् मी हितं दार तासतोय," असे म्हणत त्याने मला तासले. पण काम असे चोख केले की फळीला फळी लागली तिथे सुईसुद्धा शिरली नसती. त्याचे उपकार मी आजही विसरले नाही.

मला बसवले त्याच हिवाळ्यात गावात नीराबाई लग्न होऊन आली. तिच्या सासरचे टोकाचे खाचर माझ्या अगदी पाठीशी होते, साऱ्या खारीत सर्वांत सखल. खार म्हणजे बांधाने राखलेली ही आमची जमीन. नीराबाईच्या नवऱ्याचे नाव सदा, हसरा आणि विसराळू. सासूचे नाव राही, तोंडाने तिखट, पण कामाला वाघीण. नीराबाई शेतावर आली की आधी माझ्याकडे डोकावायची. माझ्या कडेला अडकलेल्या काटक्या आणि शेवाळ काढायची आणि म्हणायची, "काय उघाडीबाई, बरी हायस ना?" मला असे आपुलकीने विचारणारी ती पहिलीच. त्या दिवसापासून मी तिची झाले.

चार पावसाळे सुखाचे गेले. मग अश्विनातली पुनव आली. घरोघरी नवे भात शिजले. सदाची बहीण आणि मेहुणा चांगदेव माणगावहून पाहुणे आले होते, संध्याकाळीच परत जायचे होते. आमच्याकडे मेहुण्याला जिताडा खाऊ घातल्याशिवाय पाठवणे म्हणजे नाक कापून घेण्यासारखे. जिताडा हा खाडीतला मोठा चवदार मासा. भरतीच्या पाण्याबरोबर तो बांधाच्या आत शिरतो, पण त्यासाठी दार उघडे हवे. सदाने सकाळी एक चांगला हातभर रुंदीचा काळा दगड उचलला आणि माझ्या खाली पाचरीसारखा ठोकला. नीराबाई घरी चुलीपाशी होती.

"घटकाभर गप ऱ्हा गो," सदा मला म्हणाला. "मासा आला का दगड काढतो."

दुपारी भरती आली. पाणी माझ्या अंगाखालून धडाधड आत शिरले. मी मिटायला धडपडत होते, पण दगड हलेना. सदाच्या जाळ्यात जिताडा आला, असा दांडगा की सदा नाचतच घरी गेला. जेवणे झाली, हसणेखिदळणे झाले, पाहुण्यांना एस.टी.त बसवायला सदा अलिबागला गेला आणि तिथेच एका ओळखीच्याकडे मुक्कामाला राहिला. दगड माझ्या खाली तसाच.

पुनवेनंतरच्या भरत्या सगळ्यांत मोठ्या असतात, मित्रांनो. त्या रात्रीची आली, दुसऱ्या दिवसाचीही आली. वरची खाचरे उंचावर म्हणून बचावली. पण टोकाच्या खाचरात, जिथे उशिरा लावलेल्या भाताचा दाणा नुकताच दुधात होता, तिथे कमरेएवढे खारे पाणी उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी सदा परतला तेव्हा नीराबाई पाण्यात उभी राहून दोन्ही हातांनी तो दगड ओढत होती. 

"माझ्या हातानं केलं गो," तो म्हणाला. "एका माशापायी."

नीराबाईने दगड मोकळा केला. सदा तो खाडीत भिरकावणार, तोच ती म्हणाली, "टाकू नका. बांधावरच ऱ्हाऊ दे. बसायला होईल." एवढेच बोलली. मला वाटते, भांडली असती तर सदाला सोपे गेले असते.

भात पळिंज झाले, म्हणजे लोंबीत दाणाच भरला नाही. नासलेले भात कापून खाचराच्या एका कोपऱ्यात ढीग घातला, कारण खारट पेंढ्याला बैलही तोंड लावेनात. फाल्गुनात ओल आटली आणि सारे खाचर पांढरे फटक पडले. नीराबाईने चिमूटभर माती जिभेवर ठेवली आणि थुंकून टाकली.

"मीठ हाय नुसतं," ती म्हणाली.

सदाने मान खाली घातली. "मी म्हणतो, आता ह्यो तुकडा जिताड्यालाच सोडूया. उघाडीचं दार काढून टाकतो. पानी येऊ दे, जाऊ दे. मासा तरी मिळंल."

 तेवढ्या खाचरातल्या भातावर त्या घराचे पावसाळ्यातले चार महिने निघत. आणि दार एकदा काढले की खारे पाणी हळूहळू वरच्या खाचरांतही झिरपणार, हे मला दिसत होते. पण दाराला कोण विचारतो?

 नीराबाई त्या नासक्या पेंढ्याच्या ढिगाकडे गेली आणि पायाने तो बाजूला सारू लागली. खाली काय निघाले असेल? चारी बाजूंना पांढरी राख पसरल्यागत मीठ फुटलेले, आणि ढिगाखाली मात्र काळी, ओलसर, मऊ माती! चार-दोन किडे लगबगीने पळाले. ती तिथेच उकिडवी बसून राहिली. मग तिने सदाला हाक मारली.

"अवो, मिठागरात मीठ कशानं पिकतं?"

"उन्हानं. आनि कशानं?"

"मग मातीला ऊनच लागू दिलं न्हाय तर?"

 ऊन जमिनीतले पाणी वर ओढते आणि पाण्याबरोबर आलेले मीठ वर ठेवून जाते. हे साऱ्या गावाला मिठागरात ठाऊक होते, शेतात मात्र कुणाच्या लक्षात आले नव्हते. सदाच्या मनातली टोचणी अजून गेली नव्हती, त्यामुळे तो नाही म्हणू शकला नाही. माझे दार राहिले.

पण माती झाकायची कशाने? चांगला पेंढा बैलांना हवा. उरला राबाचा पालापाचोळा. आमच्याकडे चैत्रात सगळे शेतकरी रोपाच्या जागेवर शेण, पाला, तोडलेल्या डहाळ्यांची कवळे रचून जाळतात. त्याला राब भाजणे म्हणतात. राब भाजला नाही तर रोप होत नाही, असा आजा-पणजापासूनचा समज. नीराबाईने राबासाठी आणलेल्या भाऱ्यांतले निम्मे भारे उचलले आणि टोकाच्या खाचरात पसरून टाकले.

राहीने बांधावरून आकाशपाताळ एक केले. "राब भाजायचा पाला मिठावर हातरतेस? अक्कल गहाण टाकलीस का गो? रोप काय तुझ्या बापाच्या घरून आनायचं?"

"आय, जाळलं का धूर व्हतो," नीराबाई म्हणाली. "न्हाय जाळलं तर माती व्हईल."

"व्हईल, व्हईल! बघते ना मी!"

राहीचे अगदीच खोटे नव्हते. त्या वर्षी रोप थोडे विरळच आले आणि राही महिनाभर सुनेशी धड बोलली नाही. पण शेणाच्या पाट्या मात्र गुपचूप टोकाच्या खाचरात नेऊन टाकायची. मी पाहत होते ना! वर कुणी विचारले तर म्हणायची, "गोठ्यात जागा न्हाय म्हनून टाकलं."

पावसाळ्यात आमची दोघींची जोडी जमली. नीराबाई खाचराचे तोंड मातीने बांधून त्यात पावसाचे पाणी साठवायची. पाणी मीठ विरघळवून घ्यायचे. मग ओहोटीची वेळ साधून ती तोंड फोडायची आणि ते मचूळ पाणी माझ्यातून खाडीत जायचे. पुन्हा बांधायची, पुन्हा सोडायची. भिजून चिंब, पायांना चिखल्या झालेल्या, तरी तिचे चालूच. थकली की त्या काळ्या दगडावर बसून भाकरी खायची. मी उघडताना आवाज करत असे, तर ती म्हणायची, "कुरकुर नको उघाडीबाई. भिकूची लेक शोभतेस!"

दुसऱ्या वर्षी लावलेले भात अर्धे जगले, अर्धे पिवळे पडून गेले. गावात हसू झाले. सदाचेही मन डळमळले. तो संध्याकाळी माझ्यापाशी येऊन माझ्या बिजागऱ्यांवर हात फिरवायचा, तेव्हा मला धडकी भरायची. पण एकदा शेतकी खात्याचे एक साहेब सायकलवरून आले, विजार गुडघ्यापर्यंत दुमडून चिखलात उतरले आणि म्हणाले, "बाई, तुम्ही निम्मी वाट चालून आलात. आता हे पेरून बघा." त्यांनी धैंच्याचे बी दिले. हे झाड खाऱ्या मातीतही तग धरते. ते कोवळे असतानाच नांगराखाली गाडायचे, म्हणजे त्याचेच खत होते. त्या भल्या माणसाचे नावसुद्धा मला ठाऊक नाही, पण त्याच्यासाठी माझ्या मनात कायमची एक जागा आहे.

ते बी पेरले, धैंचा मांडीपर्यंत वाढला, सदाने तो नांगरून गाडला. आणि त्या दिवशी मी एक गोष्ट पाहिली. एरवी खाडीतच उभे राहणारे बगळे बांध ओलांडून आले आणि सदाच्या नांगरामागे चालू लागले. बगळा उगाच चालत नाही. मातीत गांडुळे परतली होती!

त्या साली टोकाच्या खाचरात भात डोलले. कापणीनंतर ओल होती, तिच्यावर नीराबाईने वाल पेरायचे ठरवले. वालाला खारेपणा जराही सोसत नाही. सदा बी हातात घेऊन उभा राहिला, टाकायला धजेना. तेव्हा नीराबाईने पहिल्यासारखीच चिमूटभर माती उचलून जिभेवर ठेवली. राहीसुद्धा वाकून बघत होती. मीही.

नीराबाई थुंकली नाही.

"कशी लागते गो?" राहीने विचारले.

"माती," नीराबाई म्हणाली. "मातीच लागते, आय."

राहीने पदर तोंडाला लावला. रडली की हसली ते मला मोरीतून दिसले नाही. पुढच्या चैत्रात मात्र तिने आपणहून राबाचा पाला मोजकाच ठेवला आणि बाकीचा स्वतः खाचरात पसरला. शेजारणींना वर सांगत सुटली, "जाळायचं कशाला? आमच्यात न्हाय बाई जाळत!"

त्याआधी पौष सरता सरता चांगदेव पुन्हा पाहुणा आला. सदाने या वेळी जिताड्याचे नाव काढले नाही. टोकाच्या खाचरातल्या वालाच्या कोवळ्या शेंगा मडक्यात भरल्या, वर भांबुर्डीचा रानटी सुवासिक पाला कोंबला, मडके उपडे घालून भोवती जाळ केला आणि बांधावरच पोपटी लावली. चांगदेव बोटे चाटत म्हणाला, "असलं जिताड्यात पन न्हाय!" तो बसला होता त्याच काळ्या दगडावर, बिचाऱ्याला ठाऊक नव्हते. नीराबाईने सदाकडे पाहिले, सदाने नीराबाईकडे, आणि दोघेही खो खो हसत सुटले. त्या दगडाचे ओझे सदाच्या मनावरून तेव्हा उतरले.

नंतर बरीच वर्षे मी उघडमीट करत राहिले. साठ साल उलटल्यावर सरकारने बांध पक्का केला आणि मोरीला लोखंडी दार बसवले. मला काढून बांधावर टाकले. उन्हात माझ्या अंगावर पांढरे मीठ फुटले. लोक जाता-येता म्हणत, चुलीलाही चालायची नाही. तेव्हा वाईट वाटले, खोटे कशाला बोलू?

पण नीराबाई आली. कानामागे एखादा केस पिकला होता तिचा. सदाच्या मदतीने तिने मला डोक्यावरून घरी नेले. खताच्या खड्ड्याची एक कड ढासळत होती, तिथे फळी हवी होती. सदा मला लगेच बसवणार होता. नीराबाई म्हणाली, "थांबा. हिच्या अंगात मीठ हाय. तशी बसवली तर खतात उतरंल." आणि तिने मला साऱ्या पावसाळाभर पागोळ्यांखाली उभे करून ठेवले. जसे खाचर धुतले, तसे मला धुतले. आयुष्यभर मी खारे पाणी अंगावर घेतले, गोड्या पाण्याने मला असे कुणी न्हाऊ घातले नव्हते.

दिवाळीनंतर तिने नखाने माझा एक तुकडा खरवडला आणि जिभेवर ठेवला.

"लाकूडच लागतंय," ती हसून म्हणाली, आणि मला खड्ड्याच्या कडेला बसवले.

आता माझ्या एका बाजूला शेण, पाला, वालाची टरफले असतात. त्यांच्या ओलाव्याने मीही हळूहळू झिजते आहे. झिजलेले सगळे टोकाच्या खाचरात जाते, म्हणून मला दुःख नाही. मित्रांनो, तुमच्या दारापुढे हातभर माती असेल तर तिला उघडी ठेवू नका, तिच्या वाटणीचा पाला जाळू नका, आणि ती आजारी पडली तर तिला टाकून देऊ नका. मिटायचे कधी आणि उघडायचे कधी, एवढेच मला आयुष्यभर कळत होते. झाकायचे काय, हे मला नीराबाईने शिकवले.